हवा वाळवायची कशाला आणि कशाने?



ऊसलागवड, खोडवा, बेणे, खते यांवर या अंकातून मी नेहमी लिहितो. आजचा विषय शेताबाहेरचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात यंत्रसामग्रीच्या खर्चात 'एअर ड्रायर' असा एक शब्द असतो. तो वाचून बऱ्याच सभासदांनी गटकार्यालयात विचारले, "साहेब, साखर वाळवता ते समजलं. पण हवा वाळवायची म्हणजे काय? आणि तिच्यावर एवढे पैसे?" प्रश्न रास्त आहे. भागभांडवल आपले आहे, तेव्हा तो विचारण्याचा हक्कही आपलाच. मी कृषी पदविकेचा माणूस, यंत्रांचा नव्हे. तरी आपल्या इंजिनिअरिंग विभागाकडे चार वेळा खेटे घालून आणि कंप्रेसर घरात उभे राहून जे समजून घेतले, ते शेतकऱ्याच्या भाषेत मांडतो.

आधी ही हवा कारखान्यात लागते कशाला ते पाहू. कंप्रेसर बाहेरची साधी हवा ओढून घेतो आणि सात किलो दाबाने दाबून पाइपात सोडतो. ती कारखानाभर फिरते. पॅनवरचे वॉल्व्ह तिच्यावर उघडतात-मिटतात. सेंट्रिफ्युगल मशीनचे ब्रेक आणि साखर खाली सोडण्याची झडप तिच्यावर चालते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती सोडायचे हे ठरवणारा वॉल्व्ह हवेच्या इशाऱ्यावर हलतो. विजेची तार तुटली तर लगेच कळते. हवेत पाणी आले तर ते लवकर कळत नाही, हीच या प्रकरणातली मेख आहे.

आता हे पाणी येते कुठून? ते बाहेरून कुणी ओतत नाही, हवेतच असते. पहाटे उसाच्या पाल्यावर दहिवर पडलेले आपण रोज पाहतो. ते आभाळातून पडत नाही. रात्री पाला गार झाला की त्याला लागून असलेल्या हवेला आपल्यातले पाणी पेलवत नाही, ते ती पानावर सोडून देते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तोही याच कारणाने. ज्या तापमानाला हवा पाणी सोडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. हा एक शब्द ध्यानात राहिला की पुढचे सगळे सोपे आहे.

उन्हाळी धरणीची हवा जाऊ द्या, आपल्या हंगामातली साधी हवा घ्या. तीस अंश तापमान आणि साठ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण अठरा ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. आपण ती सात किलोने दाबतो म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. हवा आठपट दाटली, पण एका घनमीटर जागेत किती वाफ राहू शकेल हे मात्र दाबावर नव्हे, तापमानावर ठरते. चाळीस अंशाला ती मर्यादा एकावन्न ग्रॅमच्या आसपास आहे. आठ अठरे एकशे चव्वेचाळीस. एकावन्नची जागा आणि एकशे चव्वेचाळीसचा माल! उरलेले पाणी होऊन खाली बसणारच.

मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारा मध्यम कंप्रेसर धरला, तर चोवीस तासांत तो हवेबरोबर साडेतीनशे लिटरच्या वर पाणी ओढतो. जवळजवळ दोन बॅरल. हे ऐकून मीही एकदा हिशेब पुन्हा करायला लावला होता. कंप्रेसरच्या पुढे आफ्टरकूलर असतो. तो हवा चाळीस अंशांपर्यंत गार करतो, त्यामुळे सव्वादोनशे लिटरहून अधिक पाणी तिथेच सुटते आणि खालच्या नळीने बाहेर जाते. म्हणून "आफ्टरकूलर आहे की, मग ड्रायर कशाला?" असे कुणी म्हटले तर उत्तर असे आहे : उरलेले सव्वाशे-दीडशे लिटर पाणी वाफेच्या रूपात तसेच पुढे पाइपात जाते. आणि पाइप जिथे चाळीस अंशांहून गार असेल तिथे ते सुटते.

आपला हंगाम नेमका थंडीतला. बॉयलरजवळ आणि पॅनच्या मजल्यावर घामाच्या धारा लागतात, पण तीच हवेची पाइपलाइन पुढे उघड्यावरून डिस्टिलरीकडे जाते, राखेच्या यंत्रणेकडे जाते, बॉयलरच्या वरच्या मजल्यावर वाऱ्यात उभ्या असलेल्या वॉल्व्हकडे जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, काही रात्री त्याखालीही उतरतो. उसाच्या पाल्यावर बाहेरून जे दहिवर पडते तेच त्या वेळी पाइपाच्या आतून पडते. लोखंडी पाइप आतून गंजतो. गंजाचा गाळ आणि पाणी मिळून जो चिखल होतो तो वॉल्व्हच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतो. ठिबकची लॅटरल गाळाने चोंदली की शेवटच्या ओळीचा ऊस पिवळा पडेपर्यंत आपल्याला कळत नाही, तसलाच हा प्रकार. वॉल्व्ह आधी आळसावतो, सांगितले तेवढा उघडत नाही, मग एका रात्री अडकून बसतो. बॉयलरचे पाणी कमी-जास्त झाले की संरक्षक यंत्रणा बॉयलर बंद करते. वाफ नाही म्हणजे वीज नाही. वाफ आणि वीज नाही म्हणजे मिल नाही.

इथून पुढे माझे खाते सुरू होते. मिल थांबली की गव्हाण थांबते, गव्हाण थांबली की यार्डात गाड्या साचतात आणि रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. शेतात तर तोड चालूच असते. तोडलेला ऊस उभा असताना दोन गोष्टी घडतात. त्यातले पाणी उडते आणि त्यातली साखर मोडते. काट्यावर जायच्या आधी जे वजन उडाले ते सभासदाच्या पदरचे गेले, त्याची पावती कुठे मिळत नाही. तोडल्या जागेतून शिरलेले जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस गाळायला आणि साखर बांधायला त्रास होतो, उतारा घसरतो. आणि एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. को ८६०३२ असो की को एम ०२६५, तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे म्हणून आम्ही शेतकी खात्याचे लोक तोडणी कार्यक्रमात रात्रीचा दिवस करतो. ते सगळे एका वॉल्व्हमधल्या थेंबभर पाण्यापायी वाया जाऊ शकते. म्हणून हा विषय माझ्या लेखणीत आला.

आता हवा वाळवण्याच्या रीती. त्या चार-पाच आहेत, पण आपल्या उपयोगाच्या मुख्य दोन.

पहिली रीत गार करण्याची. रेफ्रिजरेटेड ड्रायर म्हणजे घरातल्या फ्रीजचा थोरला भाऊ. हवा त्यात तीन अंशांपर्यंत गार करतात, पाणी सुटले की ते वेगळे काढतात, आणि गार कोरडी हवा बाहेर पडताना आत येणाऱ्या गरम हवेशेजारून नेतात. त्यामुळे येणारी हवा आयतीच थोडी गार होते आणि जाणारी पुन्हा कोमट होते, पाइपाला बाहेरून घाम सुटत नाही. मग तीनवरच का थांबायचे, आणखी गार का नको? तर शून्याला पाण्याचे बर्फ होते आणि वाटच बंद पडते. म्हणून या रीतीची मजल तीन अंशांपर्यंतच. आपल्या ५०० घनफुटांच्या कंप्रेसरच्या हिशेबात दिवसाच्या सव्वाशे-दीडशे लिटरांपैकी चौदा-पंधरा लिटरच वाफ पुढे जाते. तीही पाइप तीन अंशांखाली गेला तरच पाणी होऊन पडेल.

दुसरी रीत शोषून घेण्याची. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात खड्यांची एक पुडी निघते, "खाऊ नये" असे लिहिलेली. तिचेच हे काम. दोन उभे मनोरे असतात, त्यांत अॅल्युमिनाचे साबुदाण्यासारखे पांढरे गोळे भरलेले असतात. एका मनोऱ्यातून हवा जाते, गोळे पाणी शोषतात. तेवढ्या वेळात दुसऱ्यातले भिजलेले गोळे वाळवतात. मग अदलाबदल. आपल्या इथेनॉल प्रकल्पात अल्कोहोलमधले शेवटचे पाणी काढणारे मॉलिक्युलर सिव्हचे मनोरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे लगेच उमजेल, तत्त्व तेच. या रीतीने दवबिंदू उणे चाळीस अंशांपर्यंत नेता येतो. म्हणजे दिवसाकाठी पाव लिटरएवढीच वाफ उरते.

ऐकून वाटेल की मग दुसरीच घ्या, वाद मिटला. पण गोळे वाळवायला काहीतरी खर्चावे लागते. साध्या प्रकारात, ज्याला हीटलेस म्हणतात, तयार झालेल्या कोरड्या हवेतली साधारण पंधरा टक्के हवा भिजलेल्या मनोऱ्यातून उलटी सोडून बाहेर फेकून देतात. दर पाच-एक मिनिटांनी जो मोठा फुस्स आवाज येतो तो तुमच्या-आमच्या पैशाचा आवाज आहे. ५०० पैकी ७५ घनफूट हवा दर मिनिटाला वाया. ५०० घनफूट हवा दाबायला ढोबळमानाने ९० किलोवॉट लागतात, तेव्हा ही फेकलेली हवा साडेतेरा किलोवॉटची झाली. १२० दिवसांचा हंगाम धरला तर ३८,८८० युनिट. गार करणारा ड्रायर साडेतीन किलोवॉटच्या आसपास घेतो, त्याचे १०,०८० युनिट. फरक २८,८०० युनिटांचा. हिशेबापुरते युनिटला पाच रुपये धरले तर हंगामाला एक लाख चव्वेचाळीस हजार. सहवीज प्रकल्पातले जे युनिट आत जळते ते बाहेर विकले जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

हीटर लावून गोळे वाळवणारा प्रकारही येतो. त्यात हवा निम्म्यानेच फुकट जाते, पण किंमत चढते आणि दुरुस्तीही वाढते. कंप्रेसरमधून निघणाऱ्या गरम हवेच्याच उष्णतेवर गोळे वाळवण्याची युक्ती सगळ्यात काटकसरीची. मात्र तिला तेलविरहित कंप्रेसरच हवा, कारण गरम हवा तेलासकट गोळ्यांवर गेली तर गोळे कामातून गेले. मिठासारखे विरघळणारे खडे वापरणारा ड्रायर स्वस्त असतो, पण तो दवबिंदू फारसा खाली नेत नाही आणि खडे सारखे भरावे लागतात. पडद्याच्या नळ्यांचा एक प्रकार आहे, तो एखाद्या लहान उपकरणापुरता ठीक.

मग निवड कशी करावी? माझ्या मते या सबंध विषयात प्रश्न एकच आहे : हवा जिथे वापरायची त्या वाटेवरची सगळ्यात गार जागा कोणती, आणि तिथे किती गारठा पडतो? उपकरणांच्या हवेसाठी जगभर जे मानक वापरतात ते सांगते, की त्या वाटेवरचे जे नीचांकी तापमान असेल त्याच्यापेक्षा दवबिंदू किमान दहा अंशांनी खाली असावा, आणि तो पाइपातल्या दाबाला मोजलेला असावा. आता हे आपल्याला लावून पाहा. पॅन, सेंट्रिफ्युगल, पॅकिंग हे सगळे छपराखाली आणि उबेत. तिथे रात्रीही वीसच्या खाली जात नाही असे धरू. वीसमधून दहा गेले, राहिले दहा. तीन अंशांचा गार करणारा ड्रायर तिथे पुरून उरतो. पण उघड्यावरच्या वॉल्व्हजवळ पहाटे दहा अंश. दहातून दहा गेले, शून्य. आणि आपला ड्रायर देतो तीन. म्हणजे नेमका जिथे बॉयलरचा जीव अडकला आहे तिथेच तो थोडा कमी पडतो. एरवी तीन अंशाला पाणी पडणार नाही हे खरे. पण ड्रायर थोडा मळला, थोडा दमला की तिनाचे आठ-दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग राखीव काही उरत नाही.

म्हणून सरसकट एकच मोठा ड्रायर घेण्यापेक्षा वाटणी केलेली बरी. सगळ्या ५०० घनफुटांना उणे चाळीस कशाला? भुईमुगाला आणि उसाला एकच पाण्याची पाळी आपण देत नाही. नियंत्रणाच्या उपकरणांना लागणारी हवा समजा १०० घनफूट आहे. तेवढीच शोषणाऱ्या ड्रायरमधून न्यावी, तिची लाइन वेगळी ठेवावी. उरलेली ४०० गार करणाऱ्यातून. मग फेकली जाणारी हवा ७५ वरून १५ घनफुटांवर येते. दोन्ही मिळून साडेपाच किलोवॉटच्या आसपास, हंगामाला १५,८४० युनिट. फक्त गार करणाऱ्यापेक्षा खर्च थोडा जास्त, पण बॉयलरची हवा हाडासारखी कोरडी. यंत्रे दोन झाली म्हणून भांडवली खर्च वाढेल असा आक्षेप येईल. तो खराच आहे. पण रात्रभर मिल बंद राहिली तर यार्डातल्या वाळलेल्या उसाची किंमत काढून मग तुलना करावी एवढेच म्हणेन.

दरपत्रके आली की फसगत कुठे होते तेही सांगतो. एखादा पुरवठादार "उणे वीस अंश दवबिंदू" असे ठळक लिहितो आणि स्वस्त देतो. विचारा, कुठल्या दाबाला? सात किलो दाबाला जो तीन अंश आहे, तीच हवा मोकळी सोडून मोजली तर तिचा दवबिंदू उणे वीस-बावीसच्या आसपास भरतो. माल तोच, माप दुसरे. रसातली साखर आणि उसातली साखर यांत जसा घोळ घालता येतो, तसाच हा. दाबाखालचाच आकडा कागदावर लिहून घ्यावा.

दुसरे, ड्रायरची क्षमता बहुधा आत येणारी हवा पस्तीस-अडतीस अंशांची धरून लिहिलेली असते. आपल्या पॉवर हाउसमध्ये ती पंचेचाळीसची सहज असते. पंचेचाळीसच्या हवेत पस्तीसच्या मानाने दीडपटीहून जास्त पाणी मावते. तेव्हा कागदावरचा ५०० चा ड्रायर आपल्याकडे ५०० चा उरत नाही. आपल्या जागेचे तापमान आणि दाब कळवून त्यावर क्षमता मागावी. दाब कमी असला तरीही हेच, सातऐवजी पाच किलोवर चालवले तर पाण्याचे ओझे वाढते.

जागेची बाब कॅटलॉगमध्ये नसते. गार करणाऱ्या ड्रायरच्या जाळीत बगॅसचा भुसा जाऊन बसला की त्याचा दम कोंडतो. बगॅस कॅरिअरच्या वाऱ्याखाली तो ठेवू नये, आणि हंगामात जाळी आठवड्याला फुंकून काढावी. कंप्रेसरची हवा ओढण्याची नळी सल्फिटेशन विभागाकडे तोंड करून तर मुळीच नको. गंधकाचा धूर आत गेला की तो त्याच पाण्यात विरघळून आम्ल होतो आणि तांब्याच्या नळ्या खातो.

गंधकावरून आठवले. सल्फर भट्टीला जी हवा देतात ती कमी दाबाची आणि निराळी असते, पण तिच्यातही पाणी नकोच. गंधक जळताना थोडा ट्रायऑक्साइड होतोच, त्याला पाणी भेटले की सल्फ्युरिक आम्ल, आणि मग पाइप आणि कूलर चाळणी. जुन्या कारखान्यांत ही हवा कळीच्या चुन्याच्या कप्प्यांतून नेत. चुना पाणी पितो आणि फुटून पीठ होतो, की बदलायचा. रसासाठी चुना घरचाच असतो, त्यामुळे ही रीत अजून कुठे दिसली तर हसू नये. फक्त चुना वेळेवर बदलला पाहिजे, पीठ झालेला चुना म्हणजे नुसता हवेला अडथळा.

शोषणाऱ्या ड्रायरच्या आधी तेल गाळणारा फिल्टर हवाच. गोळ्यांवर तेलाचा थर बसला की ते पाणी धरत नाहीत. चांगले राखले तर गोळे तीन ते पाच वर्षे टिकतात. मात्र फिल्टरवर फिल्टर चढवून दाब गमावू नये. एक किलो दाब जास्त ठेवावा लागला की वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते.

आणि पाणी बाहेर काढणारी नळी. लाखाचा ड्रायर आणि तिची झडप चोंदलेली, मग सुटलेले पाणी पुन्हा हवेबरोबर पुढे. यावर उपाय म्हणून पाळीवरचा माणूस झडप किंचित उघडीच ठेवतो, म्हणजे बघायला नको. पण तीन मिलिमीटरच्या भोकातून सात किलो दाबाची हवा मिनिटाला वीस घनफुटांच्या वर निघून जाते. दोन अशा झडपा, की आपण वाटणी करून वाचवलेले जवळपास सगळे गेले. आपोआप उघडणारी, पाणी साचले तरच सोडणारी झडप मिळते, ती घ्यावी. हे पाणी तेलकट असते, ते उसाच्या पाटाला किंवा ओढ्याला न सोडता तेल वेगळे करून मगच सोडावे, ही सूचना माझ्या खात्याकडून.

पाइपलाइनला थोडा उतार असावा आणि फाटे मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढावेत. खालून काढला तर तळाचे पाणी आणि गंज पहिल्यांदा त्याच फाट्यात उतरतो.

हंगाम संपल्यावर शोषणाऱ्या ड्रायरचे दोन्ही मनोरे कोरडे करून त्यांचे वॉल्व्ह घट्ट बंद करावेत, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने ते गोळे आपल्या छपराखालचा ओलावाच पीत बसतात. दर्शक म्हणून ठेवलेले निळे खडे गुलाबी दिसले तर आतले गोळे भिजले असे समजावे. मोळी टाकण्याआधी, बॉयलर पेटवायच्या आदल्या दिवशीच ड्रायर चालू करून लाइनच्या टोकाचा नळ पांढऱ्या फडक्यावर सोडून पाहावा. फडके ओले किंवा तांबडे झाले, तर नळ तसाच वाहू द्यावा आणि फडके कोरडे निघेपर्यंत वॉल्व्हला हवा जोडू नये.